बाप्पा रिटेक देत नाही!

सीन एकदम ओळखीचा. घरच्या गणपतीची आरती रंगलीय आणि मागून एखादे काका दोन्ही हातांत टॅब उंच धरून फोटो काढतायत. हसू नका, मंडळी! मोठ्या स्क्रीनवर त्यांना चष्म्याशिवाय दिसतं आणि दूरच्या नातवंडांना फोटो लगेच पाठवता येतो. लोचा एवढाच, की फोटोत विजेच्या माळा सही येतात आणि बाप्पाचा चेहरा मात्र काळाकुट्ट.

टॅब आणि कॅमेरा यांची दोस्ती तशी उशिराचीच. २०१० च्या पहिल्या आयपॅडला कॅमेराच नव्हता, तो २०११ मध्ये आयपॅड २ बरोबर आला. आजही कंपन्या आपला बेस्ट कॅमेरा ठेवतात फोनसाठी. टॅबच्या वाट्याला बहुतेक वेळा छोटा सेन्सर येतो, म्हणजे कमी उजेडात फोटो खरखरीत. त्यामुळे सगळ्या सेटिंग्जमागचा फंडा एकच : उजेड सांभाळा.

चेहरा काळा का पडतो? कॅमेरा साधारण अख्ख्या फ्रेमचा उजेड मोजतो. मागे माळा झगमगत असल्या की त्याला वाटतं, इथे लख्ख प्रकाश आहे, आणि तो सगळंच गडद करून टाकतो. म्हणून त्याला सांगायचं, 'बॉस, इकडे बघ!' मूर्तीच्या चेहऱ्यावर बोट टेकवा. फोकस आणि उजेडाचं माप, दोन्ही तिथलं घेतलं जातं. आयपॅडवर बोट तसंच दाबून धरलं, तर 'एई/एएफ लॉक' अशी अक्षरं येतात. मग समोरून कुणी आरतीचं तबक फिरवलं तरी सेटिंग हलत नाही. चौकटीशेजारचं सूर्याचं चिन्ह वर-खाली सरकवून उजेड कमी-जास्त करा. बऱ्याच अँड्रॉइड टॅबवरही अशीच पट्टी मिळते. मुकुटाची सोनेरी नक्षी पांढरीफटक दिसायला लागली, की थांबा आणि थोडं खाली या. जरासा अंधार नंतर उजळता येतो, उडालेली नक्षी परत आणता येत नाही.

आता बाकीचं पटापट. एचडीआर असेल तर नुसत्या मूर्तीच्या फोटोला चालू ठेवा. आरतीत हात हलत असताना मात्र बंद केलेलं बरं, नाहीतर एका हाताचे दोन दिसू शकतात. फ्लॅश असलाच, तर बंद. चकचकीत रंगावर तो नुसता चट्टा पाडतो. त्यापेक्षा मूर्तीसमोरची ट्यूब लावा. बोटांनी झूम करू नका, सरळ दोन पावलं पुढे जा. आणि मोदक खाल्लेल्या हाताने लेन्सच्या कोपऱ्यात धरलेला टॅब आधी पुसा!

कमी उजेडात शटर जास्त वेळ उघडं राहतं आणि तेवढ्यात हात हलला, की फोटो गेला. लांब हातांनी धरलेला टॅब तर हलतोच. खुर्चीच्या पाठीवर टेकवा आणि तीन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबतानाचा धक्काही टळतो.

एवढा खटाटोप का? तर दीड दिवसाचा बाप्पा दुसऱ्या दिवशी विसर्जनाला निघतो. पुढच्या वर्षी मूर्ती नवी असते, आणि यंदा खुर्चीत बसून टाळ्या वाजवणारी आजी तिथे असेलच असं नाही. तिचा चेहराही त्याच फ्रेममध्ये असतो आणि तोही तितकाच काळा पडतो.

म्हणून आदल्या रात्री मखर सजलं, की माळा लावून मूर्तीच्या जागी चक्क एक नारळ ठेवा आणि ट्रायल घ्या. नारळाची शेंडी नीट दिसली, की समजा काम फत्ते! काकांनाही दाखवून ठेवा, कुठे टॅप करायचं ते. दुसऱ्या दिवशी दोन-चार फोटो झाले, की टॅब खाली ठेवा आणि झांजा उचला!