टाळी कोणाला?

अमेरिकेतील राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धेचा प्रेक्षक थोड्याच वेळात स्पर्धकाइतका अस्वस्थ होतो. व्यासपीठावरचे मूल शब्दाचा अर्थ विचारते, तो कोणत्या भाषेतून आला हे विचारते आणि मग एकेक अक्षर उच्चारू लागते. चुकले की घंटा वाजते; सभागृह हळहळते आणि टाळ्याही वाजवते. हरणाऱ्याला असा मान देणाऱ्या स्पर्धा विरळाच.

१९२५ मध्ये अवघ्या नऊ मुलांनिशी सुरू झालेली ही राष्ट्रीय स्पर्धा १९८५ साली भारतीय वंशाच्या बालू नटराजनने जिंकली. २०१९ मध्ये मुलांना अडवतील असे शब्दच आयोजकांजवळ उरेनात. अखेर आठ जणांना संयुक्त विजेते घोषित करावे लागले. त्यांतील सात भारतीय वंशाचे होते. या यशामागे अपार परिश्रम आहेत, याविषयी दुमत नाही. परंतु परिश्रमालाही भांडवल लागते. शब्दयाद्या, खासगी शिकवण्या आणि वेळ देऊ शकणारे सुशिक्षित पालक हे ते भांडवल होय. २०१८ मध्ये तर प्रादेशिक फेरीत हरलेल्यांनाही शुल्क भरून राष्ट्रीय फेरी गाठण्याची सोय होती आणि त्या वर्षीचा विजेता याच मार्गाने आला होता.

ध्वनिक्षेपक सर्वांना सारखाच असतो. तिथवरची वाट सारखी नसते. शिकवणी वर्गांच्या जाहिरातींतील गुणवंतांची छायाचित्रे पाहून हरखणाऱ्या मराठी पालकांनीही हे विसरू नये. मुलाच्या कष्टाला टाळी अवश्य द्यावी. मात्र जे व्यासपीठापर्यंत पोचलेच नाही ते मूल कमी हुशार होते, असा निष्कर्ष त्या टाळीतून काढू नये.