पत्त्यावर काहीच लिहिलेलं नाही? मग आधी तोच उचला!

मंडळी, शनिवारी दुपारी तुमच्या घरी काय चालू असतं? बेंगळुरूत माझ्या ताईच्या फ्लॅटमध्ये डायनिंग टेबलावर युद्ध चालू असतं. एका बाजूला माझा अकरा वर्षांचा भाचा, दुसऱ्या बाजूला खालच्या मजल्यावरची त्याच्याच वर्गातली मैत्रीण. दोघांच्या हातात ‘मॅजिक : द गॅदरिंग’चे पत्ते. भांडण हिंदीत, हिशेब इंग्रजीत आणि हरल्यावरचं रडणं मात्र शुद्ध मराठीत!

मागच्या महिन्यात हे रडणं जरा जास्तच झालं. भाचा सलग चार डाव हरला. शेवटी पत्ते टेबलावर आपटून तिला कळेल अशा हिंदीत म्हणाला, “तेरे तो सारे कार्ड गरीब हैं!” ती काही बोलली नाही. पत्ते गोळा केले, रबरबँड लावला आणि खाली निघून गेली.

तिचे पत्ते तिच्या मोठ्या भावाने वापरून दिलेले. चमचमणारा एकही नाही. आमच्या साहेबांकडे मात्र सहा ड्रॅगन. ती गेल्यावर तो माझ्याकडे आला. “मावशी, वाढदिवसाचे पैसे आहेत ना माझे, त्याची पाकिटं आणू या. मला अजून ड्रॅगन पाहिजेत.”

मी म्हटलं, “आणू. पण आधी तुझा तो बुटांचा खोका आण.”

त्या खोक्यात त्याने ‘कचरा’ म्हणून बाजूला टाकलेले पत्ते होते. आजची गोष्ट त्या कचऱ्याची आहे.

गरीब पत्ता म्हणजे कोणता?

हा खेळ ठाऊक नसलेल्या आई-बाबांसाठी आणि आजी-आजोबांसाठी थोडक्यात सांगते. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने तयार केलेला हा खेळ १९९३ मध्ये बाजारात आला. दोन खेळाडू दोन जादूगार होतात. प्रत्येकाकडे साधारण ६० पत्त्यांचा स्वतःचा गठ्ठा आणि २० गुणांचं आयुष्य. समोरच्याचं आयुष्य शून्यावर आणलं की जिंकलात.

काही पत्ते जमिनीचे असतात. आपल्या पाळीत फार तर एक जमीन मांडता येते. जमिनीतून शक्ती मिळते, तिला ‘मॅना’ म्हणतात. मॅना खर्च करून प्राणी मैदानात उतरवायचे आणि त्यांच्याकडून हल्ला करायचा किंवा समोरचा हल्ला अडवायचा. प्राण्याच्या पत्त्यावर कोपऱ्यात दोन आकडे असतात. पहिला मारायची ताकद, दुसरा सहन करायची ताकद.

बहुतेक प्राण्यांच्या पत्त्यांवर खाली बारीक अक्षरांत काही खास गुण लिहिलेले असतात. हा उडतो, तो उतरताच हल्ला करतो, वगैरे. पण काहींवर असा एकही गुण नसतो. फक्त किंमत आणि दोन आकडे. खेळाडू त्यांना ‘व्हॅनिला’ म्हणतात, म्हणजे वरून काहीच न घातलेलं आइस्क्रीम. त्यातलं सगळ्यांत प्रसिद्ध नाव ‘ग्रिझली बेअर्स’. किंमत दोन मॅना, ताकद २/२. हे अस्वल १९९३ च्या पहिल्याच संचात होतं. आजही दोन मॅनाच्या कुठल्याही २/२ प्राण्याला खेळाडू ‘बेअर’ म्हणतात, मग चित्रात माणूस का असेना!

अस्वलाचा हिशेब

खोक्यातून अशी चार अस्वलं काढली आणि भाच्याला म्हटलं, “आता वही घे.”

तुम्हीही घ्या. समजा, पहिली पाळी माझी आहे आणि मला दर पाळीला जमीन मिळतेय. दुसऱ्या पाळीत दोन मॅना झाले, एक अस्वल आलं. तिसऱ्या पाळीत दुसरं. चौथ्या पाळीत चार मॅना, म्हणजे आणखी दोन. आलेला प्राणी त्याच पाळीत हल्ला करत नाही, पुढच्या पाळीपासून करतो.

आता हल्ले मोजू. तिसऱ्या पाळीत २. चौथीत ४. पाचवीत चारही अस्वलं, म्हणजे ८. एकूण १४. सहावीत पुन्हा ८, झाले २२. समोरच्याचं आयुष्य होतं २०!

भाच्याचा लाडका ड्रॅगन सहा मॅनाचा. म्हणजे तो लवकरात लवकर त्याच्या सहाव्या पाळीत येणार. पण माझी सहावी पाळी त्याच्या आधी येते. ड्रॅगन हातातच राहिला आणि डाव संपला.

भाचा वहीकडे बराच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “म्हणजे मी पाच पाळ्या नुसता बसून असतो.”

तेच तर! त्याचे ड्रॅगन वाईट नव्हते. ते येईपर्यंत दार सांभाळायला घरात कोणी नव्हतं.

साध्या प्राण्यांची तीन कामं

पहिलं काम, सुरुवात करणं. दुसऱ्या-तिसऱ्या पाळीत मैदानात कोणीतरी हवं. ते हल्ला करेल, नाहीतर निदान अडवेल तरी. मोठे पत्ते येईपर्यंत वेळ मिळतो.

दुसरं काम, सौदा करणं. ‘क्रॉ वर्म’ नावाचा एक भलामोठा किडा आहे. सहा मॅनाचा, ६/४. त्याने हल्ला केला आणि दोन अस्वलांनी मिळून अडवला, तर दोघांचा मार मिळून ४ होतो आणि किडा मरतो. दोन्ही अस्वलंही जातात. आपले दोन पत्ते गेले, त्याचा एक. पण आपले खर्च झाले चार मॅना, त्याचे सहा. हा सौदा कधी करायचा आणि कधी मार खाऊन गप्प बसायचं, हे ठरवणं म्हणजेच खेळ.

तिसरं काम मला सगळ्यांत आवडतं, कोड्यात टाकणं. ‘जायंट ग्रोथ’ हा एका हिरव्या मॅनाचा मंत्र प्राण्याला तेवढ्या पाळीपुरता +३/+३ देतो. २/२ चं अस्वल ४/४ च्या प्राण्यावर बिनधास्त चालून गेलं, तर समोरचा विचारात पडतो. हे वेडं आहे की हातात मंत्र आहे? त्याने अडवलं आणि मंत्र खरंच असला, तर अस्वल ५/५ होऊन जिंकतं आणि जिवंत परततं. अस्वलावर वाचण्यासारखं काहीच नसतं, म्हणून समोरच्याला तुमचा चेहरा वाचावा लागतो.

साधा म्हणजे चांगलाच, असंही नाही

इथे एक सावधगिरी. खोक्यातले सगळेच साधे पत्ते उचलून गठ्ठ्यात भरू नका. ‘ग्रे ओगर’ हाही १९९३ चाच साधा प्राणी. तोही २/२, पण किंमत तीन मॅना. अस्वलाचंच काम, एक मॅना जास्त. तो खोक्यातच बरा. उलट, एका मॅनाचा २/१ ‘सव्हाना लायन्स’ बघा. त्या सिंहांवरही एकही गुण लिहिलेला नाही, पण पहिल्या संचात तो दुर्मीळ पत्ता म्हणून छापला होता. म्हणजे पत्ता दुर्मीळ आहे की नाही, त्यावर मजकूर किती, यावरून त्याची लायकी ठरत नाही. किमतीच्या मानाने ताकद किती, हे बघायचं.

शिवाय आता त्याच दोन मॅनात २/२ आणि वर एखादा छोटा गुण देणारे बरेच पत्ते मिळतात. तुमच्याकडे तसे असतील तर जरूर वापरा. डाव लांबला की एकटं अस्वल फारसं काही करू शकत नाही, हेही खरं. तोवर मोठे पत्ते यायलाच हवेत.

खरं तर हे गणित आपल्याला नवीन नाही. आपल्या सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा आठवा. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकात बारा गोल पत्ते : राजा, प्रधान आणि एक ते दहा. एकूण १२० पत्त्यांत राजे आणि प्रधान मिळून फक्त २०, बाकी १०० साधे. त्यातही गंमत अशी की पाच रंगांत दहा मोठा, तर उरलेल्या पाचांत एक्का मोठा. राजा-प्रधान पडून गेले की डाव याच साध्या पत्त्यांवर चालतो. नुसते राजे घेऊन गंजिफा खेळता येत नाही.

मग गठ्ठा कसा लावायचा?

मुलांबरोबर हे करून बघा. सगळे प्राणी जमिनीवर किमतीप्रमाणे रांगांत मांडा. एक मॅनाचे, दोनचे, तीनचे, असे. उंच रांगा दोन-तीनच्या जवळ हव्यात आणि सहाकडे जाताना उतरत्या. भाच्याची रांग नेमकी उलटी होती, सगळी गर्दी शेवटी! ६० पत्त्यांत साधारण २४ जमिनी ठेवा. सहा ड्रॅगन असतील तर दोनच घ्या. आणि नवीन पाकिटं विकत घेण्याआधी घरातला खोका उपसा. पाकिटात काय निघेल ते नशिबावर असतं, खोक्यात काय आहे ते डोळ्यांसमोर असतं.

पैशांचं आम्ही तसंच केलं. वाढदिवसाचे पैसे ताईच्या कपाटातच आहेत.

पण एक हिशेब वहीत मांडता येणारा नव्हता. मी भाच्याला विचारलं, “पत्ते गरीब म्हणालास, पण लागलं कोणाला?” तो गप्प. मी पुढे काही बोलले नाही. उपदेश केला की हा मुलगा कान बंद करतो, हे अनुभवाने शिकले आहे.

दुसऱ्या दिवशी तो नवा गठ्ठा घेऊन एकटाच खाली गेला. अर्ध्या तासाने मी बोलवायला गेले, तर दोघं फरशीवर बसलेली. ती त्याच्या रांगा बघून मान हलवत होती आणि एकेक पत्ता उचलून इकडचा तिकडे ठेवत होती. “सॉरी म्हणालास का?” असं मी जिन्यात विचारलं. “म्हणालो. ती म्हणाली, ते ठीक आहे, पण तुझ्याकडे तिनाचे प्राणी कमी आहेत.”

त्या दिवशीही तो हरला. पण या वेळी डाव नवव्या पाळीपर्यंत गेला आणि रडारड झाली नाही.

तर मंडळी, या शनिवारी तुमच्याही घरातला तो खोका काढा. ज्या पत्त्यावर काहीच लिहिलेलं नाही, तो मुलाच्या हातात द्या आणि विचारा, “याचं काय करता येईल, सांग बरं?” उत्तर काय आलं, ते मला नक्की कळवा!