मेंदूचे रक्त आणि खेळाचा तास

दहावीचे वर्ष उजाडले की पुण्यातील पुष्कळ घरांत एक ठराव जणू आपोआप संमत होतो : मुलाचे मैदान बंद. बॅट माळ्यावर जाते, पोहण्याच्या तलावाची वर्गणी भरली जात नाही, आणि रविवारी पहाटे सिंहगडावर निघणाऱ्या मंडळीस "यंदा नको, परीक्षा आहे" असा निरोप पोहोचतो. शाळाही या ठरावापुढे मान तुकवितात. दिवाळीची सुटी संपली की खेळाचा तास हळूच गणिताच्या जादा तासात विरघळून जातो. वेळापत्रकावर त्याचे नाव मात्र तसेच राहते. या प्रघाताच्या मुळाशी वेळेची ओढाताण आहे, हे कोण नाकारील ? परंतु तिच्या जोडीस एक समजूतही आहे, व ती पालकांच्या तोंडून पुनःपुन्हा ऐकावयास मिळते. "खेळून आला की सगळे रक्त पायांत उतरते, मग डोक्यात काय शिरणार?"

याच्या अगदी उलट टोकाची समजूतही आपल्याकडे तितकीच नांदते. शीर्षासन केले की मेंदूस भरपूर रक्त मिळते व त्यामुळे बुद्धी तल्लख होते, असे सांगणारे हितचिंतक प्रत्येक वाड्यात व आता प्रत्येक सोसायटीत एक तरी असतातच. दोन्ही समजुतींत मेंदूची कल्पना एखाद्या मडक्यासारखी केलेली आहे : उपडे केले की रिकामे, उलटे टांगले की भरलेले. वस्तुस्थिती याहून फार निराळी आहे, आणि ती ठाऊक असेल तर खेळाच्या तासाविषयीचा आपला निर्णयही निराळा होईल असे मला वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रौढ मनुष्याच्या मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या शंभरांत दोन भाग इतकेच भरते. परंतु स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरात जेवढा प्राणवायू खर्च होतो, त्याचा सुमारे पाचवा हिस्सा हा एकटा अवयव घेतो. दर मिनिटास सुमारे पाऊण लिटर रक्त त्यातून वाहते. साठवण म्हणावी तर त्याच्यापाशी जवळजवळ नाहीच. रक्ताचा ओघ पूर्णपणे थांबला, तर सहा-सात सेकंदांत शुद्ध हरपते. इतका परावलंबी अवयव शरीराने वाऱ्यावर सोडला असता, तर खुर्चीवरून उठणेही माणसास धोक्याचे झाले असते. म्हणून मेंदूच्या रक्तवाहिन्यांस स्वतःचा कारभार स्वतः पाहण्याची शक्ती आहे. रक्ताचा दाब वाढला की त्या आकसतात, दाब उतरला की रुंदावतात, आणि आतला ओघ पुष्कळसा एकसारखा ठेवतात. डेन्मार्कचे नील्स लासेन यांनी १९५९ साली या गुणाची सुव्यवस्थित मांडणी केली. त्यांनी मानिली तितकी ही शक्ती अमर्याद नाही, दाबाचा चढउतार फार झपाट्याचा असेल तर ती थोडी मागे पडते, असे अलीकडील संशोधक म्हणतात. तथापि मूळ सिद्धांत ढळलेला नाही. शीर्षासनात बुद्धीचा घडा भरत नाही, याचे कारण हेच. डोळ्यांतील दाब मात्र त्या आसनात बराच वाढतो. ज्यांच्या घराण्यात काचबिंदूचा विकार आहे त्यांनी ते आधी डॉक्टरांस विचारून करावे. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापून आसनांचे परिणाम यंत्रांनी मोजण्याचा पायंडा पाडला, तो याच हेतूने, की स्तुती आणि निंदा दोन्ही मोजमापाच्या मागून याव्यात. आसनांचे गुण अनेक आहेत. त्यांच्या नावावर नसलेले गुण चिकटविण्याची गरज नाही.

मग मेंदू काम करू लागला म्हणजे त्याचे रक्त वाढते की नाही ? येथे एक मोठी मौजेची गोष्ट आहे. इटलीतील तुरिन येथील आंजेलो मोसो यांना गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात बेर्तिनो नावाचा एक शेतकरी भेटला. त्याच्या कवटीस अपघाताने भोक पडले होते व त्यातून मेंदूचे ठोके दिसत. दुपारी देवळाची घंटा झाली की ते ठोके वाढत, हात मात्र पूर्ववत असे. पुढे १९५५ साली लुई सोकोलॉफ व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेत तरुणांस तोंडी गणिते घातली व संपूर्ण मेंदूचे रक्त मोजले. मुलांनो, तुम्हांस हे ऐकून कदाचित् बरे वाटेल, कदाचित् वाईट : गणित करताना एकंदर रक्त वाढले नाही, प्राणवायूचा खर्चही वाढला नाही ! या दोन गोष्टींत विरोध दिसतो, पण तो वरवरचा आहे. मेंदूचा जो भाग कामास लागतो त्याच भागाकडे रक्त जास्त वळते. एकूण बेरीज जवळपास तीच राहते. आज इस्पितळांतील चुंबकीय यंत्रे मेंदूच्या कामाची जी चित्रे काढतात, ती याच स्थानिक वाढीच्या आधारावर.

आता मैदानाकडे वळू. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे हृदय मिनिटास सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलते. जोराने धावू लागला की तेच हृदय वीस लिटर ढकलू शकते. या वाढीतील सिंहाचा वाटा स्नायूंस जातो, आणि मेंदूचा शेकडा हिस्सा पंधरावरून चारांच्या आसपास येतो. येथेच "रक्त पायांत उतरते" या म्हणण्याचा उगम असावा. पण शेकडेवारी शिकलेल्या सातवीतल्या मुलासही ही फसगत ओळखता यावी. पाच लिटरांचे शेकडा पंधरा म्हणजे पाऊण लिटर. वीस लिटरांचे शेकडा चार म्हणजे आठशे मिलिलिटर. हिस्सा घटला, रक्कम घटली नाही. उलट थोडी वाढलीच. मध्यम वेगाच्या व्यायामात, म्हणजे धापा टाकताही दोन शब्द बोलता येतील अशा वेगात, मेंदूचा ओघ वाढतो. त्यापुढे अगदी छाती फुटेस्तोवर धावले म्हणजे तो पुन्हा मूळ पातळीकडे येतो. याचे कारण श्वास. जोराच्या श्वासोच्छ्वासाने रक्तातील कर्बद्विप्राणिल वायू बाहेर टाकला जातो, आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर या वायूची हुकमत प्राणवायूपेक्षाही अधिक चालते. तो वाढला की त्या रुंदावतात, घटला की आकसतात.

हे एक सूत्र लक्षात ठेवले की अनेक कोडी उलगडतात, व एक प्राण वाचविणारी सूचनाही त्यातूनच निघते. तलावात अथवा गावच्या विहिरीत पाण्याखाली जास्त वेळ राहण्याची पैज लावताना काही मुले आधी भराभर दहा-वीस दीर्घ श्वास घेतात. त्याने प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही. कर्बवायू मात्र उतरतो. मेंदूच्या वाहिन्या आकसतात, आणि "आता वर ये" असे सांगणारी घुसमट उशिरा जाणवते. तोवर प्राणवायू संपून मूल पाण्याखालीच बेशुद्ध होते. उत्तम पोहणारेही असे बुडाले आहेत. ही पैज कोणीही, कधीही लावू नये.

उंचीचा प्रश्न पुणेकरांस जवळचा आहे, कारण या शहरास डोंगर चढण्याचे व्यसन आहे. १९९८ साली सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले. १९ मे २०१२ रोजी 'गिरिप्रेमी' संस्थेचे आठ गिर्यारोहक उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेत त्याच शिखरावर उभे राहिले, आणि २०१९ साली याच संस्थेने कांचनगंगाही सर केले. ही सारी मंडळी सह्याद्रीत घडली. परंतु सह्याद्री अंगास चढण शिकवितो, विरळ हवा शिकवीत नाही. सिंहगड सुमारे १,३०० मीटर, आणि महाराष्ट्रातील सर्वांत उंच कळसूबाई १,६४६ मीटर. तेथे जी धाप लागते ती श्रमाची, हवेची नव्हे. एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रकाठच्या एकतृतीयांश उरतो. २००७ साली ब्रिटिश डॉक्टरांच्या एका तुकडीने उतरणीच्या वाटेवर ८,४०० मीटरांवर आपल्याच धमन्यांतले रक्त काढून तपासले, तेव्हा त्यातील प्राणवायूचा दाब नेहमीच्या सुमारे पावपट भरला. मैदानी प्रदेशातील माणसास एकाएकी तेथे नेऊन ठेवले तर तो काही मिनिटांतच बेशुद्ध पडेल. गिर्यारोहक पडत नाहीत, कारण ते आठवडेच्या आठवडे वरखाली करून शरीरास सवय लावतात.

ही सवय लागताना मेंदूत रस्सीखेच चालते. प्राणवायू कमी, म्हणून वाहिन्या रुंदाव्यात. श्वास जोराचा, म्हणून कर्बवायू कमी, यास्तव त्या आकसाव्यात. जॉन सेव्हरिंगहाउस यांनी १९६० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील ३,८१० मीटर उंचीच्या ठाण्यावर मोजले, तेव्हा पहिल्या काही तासांत मेंदूचे रक्त जवळजवळ पाव हिश्शाने वाढलेले आढळले. तीन ते पाच दिवसांनी ही वाढ निम्म्यावर आली होती. म्हणजे पहिले दोनतीन दिवसच खरे नाजूक. आपल्या देशाने हा धडा फार महाग किंमत देऊन घेतला. १९६२ च्या युद्धात सखल प्रदेशातील जवान घाईने हिमालयात नेले गेले. त्या अनुभवानंतर इंदर सिंग व त्यांच्या सहकारी लष्करी डॉक्टरांनी १,९२५ जवानांच्या पर्वतविकाराचा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध केला, आणि तो आजही जगभर आधारास घेतला जातो. आज सैन्यात ९,००० फुटांवर पोहोचलेल्या जवानास पुढे पाठविण्यापूर्वी पहिले सहा दिवस सवयीसाठी दिले जातात.

आणि आपण ? मे महिन्याच्या सुटीत सकाळी विमानात बसतो, सुमारे ३,५०० मीटरांवरील लेह येथे उतरतो, आणि दुसऱ्याच दिवशी मुलांस घेऊन खारदुंग खिंडीत छायाचित्र काढावयास जातो. सैनिकास सहा दिवस, आणि आठ वर्षांच्या मुलास एक रात्र ! पालकहो, एवढे तरी करा : उतरल्यावर दोन दिवस नुसते राहा. डोके दुखणे, मळमळ, झोप न लागणे ही पहिली खूण. मूल अडखळत चालू लागले किंवा असंबद्ध बोलू लागले, तर मेंदूस सूज येत आहे असे समजून तत्काळ खाली उतरा व डॉक्टर गाठा. उद्या पाहू असे म्हणू नका. लहान मुलास आपले दुखणे नीट सांगता येत नाही, ते नुसते किरकिर करते. आणि किरकिरीवर आपल्याकडे सहसा रागावण्याचाच उपाय होतो.

शाळेच्या अंगणातही मेंदूच्या रक्ताची परीक्षा होते, ती प्रार्थनेच्या वेळी. मार्चच्या उन्हात, न्याहारी न करता आलेली मुले ताठ उभी असतात. रक्त पायांत साठते, घामाने पाणी घटते, आणि रांगेतून एखादे मूल कोसळते. "रक्त पायांत उतरते" ही समजूत खरी ठरते ती येथे, स्थिर उभ्या असलेल्या मुलाच्या बाबतीत, धावणाऱ्याच्या नव्हे! धावताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर पिळून पाठवितात. उभे राहणे भागच असेल तर बुटांतल्या बुटांत बोटे हलवावीत, पोटऱ्या आवळाव्यात. आणि कोणी कोसळलाच, तर त्यास दोघांनी दंड धरून उभे करण्याची जी आपली रीत आहे, ती टाकून द्यावी. कोसळणे हाच निसर्गाचा उपाय आहे. आडवा झाला की डोक्यास रक्त मिळते. त्यास निजवावे, पाय उचलून धरावेत, गर्दी हटवावी.

आता मूळ वादाकडे येतो. खेळल्याने मूल पहिले येईल असे मी म्हणणार नाही. तसे वचन देणाऱ्यांपासून दूरच राहावे. २०११ साली अमेरिकेत १२० वृद्धांवर झालेल्या एका प्रयोगात वर्षभर नियमित चालणाऱ्यांच्या मेंदूतील स्मरणाशी संबंध असलेला एक भाग शेकडा दोनांनी वाढला. पण ते वृद्ध होते, आणि पुढच्या सर्वच प्रयोगांत तसेच आढळले असेही नाही. माझे म्हणणे याहून साधे आहे. खेळाने अभ्यासाचे रक्त चोरीस जाते हा आरोप खोटा आहे, आणि खोट्या आरोपावरून मुलास शिक्षा होऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पाच ते सतरा वर्षे वयाच्या मुलांसाठी दिवसास सरासरी साठ मिनिटे दमदार हालचाल सांगितली आहे. तिने त्यात दहावीचा अपवाद केलेला नाही. सकाळी शाळा, दुपारी शिकवणी, संध्याकाळी पुन्हा शिकवणी, रात्री टेबल, असे दहा-दहा तास बसून काढणाऱ्या मुलाचे रक्त कोठे असते, याची चौकशी मात्र कोणी करीत नाही.

शिक्षकबंधूंनी माझ्यावर रागावू नये, कारण मीही जादा तास घेतो व अभ्यासक्रम पुरा करण्याची धास्ती मलाही असते. तथापि माझी सूचना लेखी नोंदवितो. येत्या वर्षापासून दहावीचा खेळाचा तास दुसऱ्या कोणत्याही विषयास देऊ नये. ज्यास जादा तास हवा असेल त्याने तो आपल्याच विषयाच्या तासांतून काढावा. तो तास शेवटी न ठेवता मधल्या सुटीच्या आधी ठेवावा, म्हणजे तो गिळण्याचा मोह कमी होईल. फेब्रुवारी-मार्चमधील प्रार्थना वर्गात बसून व्हावी. आणि डिसेंबरात एक शनिवार ठरवून दहावीच्या साऱ्या मुलामुलींस, हुशार, मध्यम, कच्ची असा भेद न करता, सिंहगडावर पायी न्यावे. पालकांनीही यावे. पिठले-भाकरीचा खर्च वर्गणीतून भागेल. गाडीने वर येणाऱ्यांनी ती आपली आपण घ्यावी.