आंबील आणि उद्घाटन

मराठी शिकवण्यात वीसेक वर्षे गेल्यामुळे एखादा शब्द फुगू लागला की मला ते लगेच कळते. सध्या ‘महोत्सव’ हा शब्द फुगला आहे. पूर्वी आमच्या भागात जत्रा असे, उरूस असे, आठवड्याचा बाजार असे. जत्रेत भजी मिळत, बाजारात शेवचिवडा मिळे. पण त्याला खाद्य महोत्सव म्हणावे असे कुणाला सुचले नव्हते. जुने पंडित सांगत की यात्रा, निद्रा, वैद्य, तेल अशा काही शब्दांना ‘महा’ लावू नये, अर्थ भलतीकडेच जातो. महायात्रा आणि महानिद्रा म्हणजे काय ते तुम्ही जाणताच. त्या यादीत उत्सव घालायचा पंडितांकडून राहून गेला, असे हल्ली वाटते.

गेल्या फेब्रुवारीत आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावी असा खाद्य महोत्सव झाला. (जिल्ह्याचे नाव २०२३ साली बदलले. पाट्या बदलल्या, कागदांवरचे शिक्के बदलले. शेळी तेवढी अजून उस्मानाबादीच आहे.) गावाचे आणि भरवणाऱ्यांचे नाव मी सांगत नाही, सांगून आंबलेले गोड होत नसते. पत्रकावर मात्र छापले होते : ‘अस्सल मराठवाडी चव. पन्नास स्टॉल. वेळ दुपारी चार.’ प्रवेश माणशी पन्नास रुपये. सौ., चिरंजीव, कन्या आणि मी असे चौघे साडेचारला दारात हजर झालो.

आत शिरताच कळले की पैसे कुठेच चालत नाहीत, कूपने घ्यावी लागतात. कूपनांची खिडकी एक आणि तिच्यासमोर रांग तुळजापूरच्या मंगळवारची. कूपने पन्नासची आणि शंभराची, पदार्थ तीसचे आणि सत्तरचे. उरलेले वीस-तीस रुपये कुठे जातात, हे छातीवर बिल्ला लावलेल्या स्वयंसेवकाला विचारले. तो माझाच जुना विद्यार्थी निघाला. म्हणाला, “सर, तुम्ही कशाला लाइनीत थांबलात? व्हीआयपी गेटनं चला की!” प्रश्नाला बगल देण्याची ही रीत तो निदान माझ्या वर्गात शिकलेला नाही.

‘अस्सल मराठवाडी’ या कमानीखाली मंचुरियन होते, मोमो होते, पावभाजी होती. हुरड्याचा एक स्टॉल दिसताच चिरंजीव धावले. आता हुरडा ही मार्गशीर्ष-पौषातली गोष्ट. ज्वारीचा दाणा दुधात असताना कणीस खुडायचे, आगटीतल्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, ऊन ऊन असतानाच तळहातावर चोळायचे आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. सुरती आणि गुळभेंडी या जाती त्यासाठीच मुद्दाम पेरतात. फेब्रुवारी सरत आला म्हणजे कणीस केव्हाच टणक झालेले असते. शिवाय मांडवात विस्तव करायला बंदी. तेव्हा गॅसवरच्या कढईत मक्याचे दाणे परतणे चालू होते.

“बाबा, हा तर मका!”

“दाणाच की तोबी, साहेब,” विक्रेता म्हणाला.

तोही सध्या मिळत नव्हता. प्रमुख पाहुणे यायचे होते, आणि फीत कापल्याशिवाय कुणी काही विकायचे नाही, असे लाउडस्पीकरवरून दर पाच मिनिटांनी सांगितले जात होते. पाहुणे चारला येणार होते, आले पावणेसातला. पाण्याचा टँकर तर आलाच नाही, रस्ता खराब म्हणे! आमच्या जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ लिहिणारा ग्रीक सांगतो की तगरचे कापड बैलगाड्यांतून, धड वाट नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरापर्यंत जात असे. दोन हजार वर्षांमागे कापड भडोचला पोचले. आमचा टँकर काही मैदानापर्यंत पोचला नाही.

अगदी शेवटच्या टोकाला, जनरेटरच्या मागे, एका बचत गटाच्या पाच बायका बसल्या होत्या. पुढ्यात ज्वारीच्या भाकरी, ठेचा, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली दोन मातीची बिंदगी. सौ.ने ओळखले. म्हणाली, “आंबील आहे का हो मावशी? चार ग्लास द्या.”

“द्यायला काय झालं जी,” मावशी म्हणाल्या, “पन फीत कापल्याबिगर द्यायचं न्हाई म्हणायलेत. आन् तवर आंबून जाती बगा ही.”

शहरातल्या वाचकांसाठी थोडे सांगतो. ज्वारीचे पीठ रात्री ताकात भिजवायचे, पहाटे शिजवायचे, निवले की पुन्हा ताक घालून सारखे करायचे. वर ठेचलेला लसूण, मिरची, जिरे, मीठ. दुपारी ती नेमकी लागते. उन्हातून आलेल्या माणसाला तिच्यासारखे पेय नाही. संध्याकाळी तीच आंबील दात धरते. आमच्याकडच्या प्रत्येक पदार्थाला असे घड्याळ आहे. कडक भाकरी कित्येक दिवस टिकते, तव्यावरची भाकरी पाच मिनिटेच खरी. भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. चार-पाच लिटर दूध आटावे तेव्हा कुठे किलोभर खवा पदरात पडतो; आणि भट्टी पेटते ती दूध आले की, कुणाच्या सोयीने नव्हे. महोत्सव भरवणाऱ्यांनी कमानीचा, दिव्यांचा, फोटो काढायच्या चौकटीचा विचार केला होता. या घड्याळाचा विचार कुणाच्या मनातही आला नव्हता.

पाहुणे आले, फीत कापली, आणि ‘आपली खाद्यसंस्कृती’ या विषयावर चाळीस मिनिटे बोलले. बोलले बरे. त्या चाळीस मिनिटांत जनरेटरशेजारची आंबील आणखी थोडी चढली. मग गर्दी सुटली ती मंचुरियनकडे. दिवे दोनदा गेले. आम्ही मावशींकडे भाकरी-ठेचा खाल्ला, आंबील प्यालो. मुलांनी तोंडे वाकडी केली, सौ.ने मात्र ग्लास शेवटपर्यंत रिकामा केला. नऊ वाजता निघताना पाहिले, एक बिंदगे तसेच भरलेले होते. दुसऱ्यातली आंबील एक बाई मैदानाच्या कडेला ओतीत होती.

मला राग येतो तो इथे. आमचे काय गेले? दोनशे प्रवेशाचे, थोडे कूपनांत बुडाले, एक संध्याकाळ गेली. घरी येऊन पिठले-भात केला आणि निजलो. मावशींच्या गटाने स्टॉलचे भाडे हजार रुपये भरले होते, टेंपोचे भाडे वेगळे, ज्वारी घरची, पाच जणींची दिवसाची मजुरी बुडाली ती निराळीच. कूपनांचे पैसे शेकडा वीस कापून, ‘हिशेब झाल्यावर’ मिळायचे होते. श्रावणात बाजारात त्या भेटल्या तेव्हा विचारले. “हिशेब चालूय म्हणायलेत,” म्हणाल्या. रबर लावलेली कूपनांची चळत त्यांनी अजून डब्यात जपून ठेवली आहे.

हे आमच्याच नशिबी आहे असे नाही. २०१७ साली बहामा बेटांवर ‘फायर फेस्टिव्हल’ नावाचा सोहळा जाहीर झाला. तिकिटे हजारो डॉलरची, जेवण नामांकित आचाऱ्यांचे म्हणून गाजावाजा. प्रत्यक्षात लोकांच्या हाती पडले पावाचे दोन तुकडे आणि चीज. त्याचा फोटो जगभर फिरला. भरवणारा गृहस्थ पुढे सहा वर्षांच्या शिक्षेवर तुरुंगात गेला. श्रीमंत पोरांच्या फजितीवर जग पोट धरून हसले. पण तिथे कामगारांना रांधून घालणारी एक स्थानिक हॉटेलवाली होती. मदतीला आलेल्या माणसांची मजुरी तिने आपल्या साठवणीतून चुकती केली. पन्नास हजार डॉलर गेले. दोन वर्षांनी चित्रपटातून तिची हकीकत कळली तेव्हा लोकांनी वर्गणी करून तिला ते भरून दिले. आमच्या मावशींवर कोण चित्रपट काढतो!

आणि हे अशा मुलखात, जिथे माणसांना जेवू घालण्याची कला कुणाकडून शिकावी लागत नाही. कोजागरीला सोलापुराहून तुळजापूरला हजारोंनी लोक चालत जातात. वाटेवर ठिकठिकाणी चहा, फळे, फराळ फुकट पुढे येतो. मार्गशीर्षातल्या अमावास्येला, आमच्या येळवशीला, लातूर-धाराशिवकडची गावे ओस पडतात. जो तो शेतात जातो. कडब्याची कोप करायची, आत पाच दगड मांडून पांडव पुजायचे, आणि मग जेवण : ओली तूर, वाटाणा, हरभरा, मेथी, चिंच घालून डाळीच्या पिठात केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आंबट भात. आंबिलीचे बिंदगे घोंगड्यात गुंडाळून डोक्यावरून सकाळीच निघते आणि भर दुपारी फुटतो पहिला ग्लास. ज्याला शेत नाही त्याला बोलावणी इतकी येतात की एका दुपारी तीन शिवारे हिंडावी लागतात. आमचे घर गावात. गेल्या येळवशीला आम्हीही तिसऱ्या शिवारात नुसती आंबीलच घेऊ शकलो. संध्याकाळी कडब्याची पेंडी पेटवून शेताला फेरी घालतात. एवढा पसारा, आणि कुठे बिल्ला लावलेला स्वयंसेवक दिसत नाही. काम वाटलेले असते : पीठ कुणी भिजवायचे, बिंदगे कुणी उचलायचे, उशीर झाला तर बोलणी कुणी खायची.

भरवणाऱ्यांपैकी एका गृहस्थांना मी हे बोललो. ते चांगले माणूस आहेत. म्हणाले, “सर, पाहुण्यांना उशीर झाला, त्याला आम्ही काय करणार?” मी म्हटले, पाहुण्यांशिवाय सुरू करा. बायकांना दुपारी बारालाच विकू द्या, पाहुणे येतील तेव्हा येतील, फीत तेव्हा कापा. कापडाला काही आंब चढत नाही. कूपने ठेवू नका, आणि ठेवलीच तर त्याच रात्री मैदानावर हिशेब करा. त्यांनी ते वहीत लिहून घेतले.

पुढच्या वर्षीचे पत्रक परवा हाती आले. स्टॉलचे भाडे दीड हजार झाले आहे. कागद गेल्या खेपेपेक्षा गुळगुळीत आहे आणि पाहुण्यांची नावे दोनाची चार झाली आहेत. उद्घाटन दुपारी चारला.