उष्णतेचे गणित आणि निवडीचा निकष

पुढील हंगामाच्या बियाण्यासाठी शेतकरी भरदार कणसे निवडून ठेवतो. पिढ्यानुपिढ्या अशी निवड चालली म्हणजे पीक सुधारते. हेच तत्त्व आज अभियंते उष्णतेच्या गणितास लावू लागले आहेत. या प्रयत्नाचे आम्ही स्वागत करतो. मात्र एका अटीवर.

उष्णतावहनाचा सिद्धांत फ्रेंच गणिती फूरिये यांनी १८२२ साली ग्रंथरूपाने मांडला. यंत्राचा एखादा भाग किती तापेल हे जाणण्यासाठी त्याचे लक्षावधी सूक्ष्म तुकडे कल्पून प्रत्येकाचे क्षणोक्षणीचे तापमान संगणकाकडून काढून घेतात. अधिक अचूकतेसाठी तुकड्याची बाजू निम्मी केली, तर तुकडे आठपट होतात. आणि सर्वांत सोप्या पद्धतीत काळाचा टप्पाही चौथाई करावा लागतो. म्हणजे श्रम ३२ पट वाढले! असे शेकडो आराखडे तपासावयाचे, तर दिवस कसे पुरावेत?

येथे उत्क्रांतीचे तत्त्व साहाय्यास येते. अमेरिकेत जॉन हॉलंड यांनी १९७५ साली, तर जॉन कोझा यांनी १९९२ साली या विषयावर ग्रंथ लिहिले. प्रथम अनेक सूत्रे कशीही घ्यावयाची. मोजक्या पूर्ण गणितांच्या उत्तरांशी ती ताडून पाहावयाची. बरी ठरलेली राखून, त्यांचा संकर करून व किंचित फेरफार करून नवी पिढी घडवावयाची. अशा रीतीने लाभलेले सुटसुटीत सूत्र शेकडो आराखडे क्षणात चाळते. पूर्ण गणित करावयाचे ते निवडक आराखड्यांचेच.

परंतु उत्तम कोणास म्हणावे, हे यंत्र ठरवीत नाही, माणूस ठरवितो. निकष केवळ वेगाचा ठेवला, तर वेगवान परंतु चुकीचे सूत्रच फोफावेल. म्हणून आमची अट अशी, की आत आलेली उष्णता ही बाहेर गेलेली व साठलेली यांच्या बेरजेइतकी भरलीच पाहिजे. निवडीत न वापरलेल्या उदाहरणांवर सूत्र पारखले पाहिजे. आणि अखेरचा कौल तापमापकाने दिला पाहिजे. मोटारीचे वेटोळे जळाल्यावर ‘सूत्र जलद होते’ या सबबीस काय किंमत?

यंत्रच उत्तर शोधणार, मग आम्ही पदार्थविज्ञान कशास शिकावे, असे काही विद्यार्थी विचारतात. आमचे मत नेमके उलट आहे. उत्तरे वेगाने येऊ लागली, की खरे-खोटे ओळखणाऱ्या नजरेची गरज वाढते. ती नजर शाळेच्या प्रयोगशाळेत, स्वतः गणित सोडवूनच कमवावी लागते.