तंजावूरचे काव्य आणि पडद्यावरचे प्रेम

तंजावूरला गेलेला मराठी प्रवासी दोन गोष्टी अभिमानाने पाहून येतो. दुसऱ्या सरफोजी राजांनी बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख ही एक, आणि सरस्वती महाल ग्रंथालय ही दुसरी. याच भोसल्यांच्या दरबारात, प्रतापसिंह राजांच्या काळात, मुद्दुपळनी नावाच्या गणिकेने ‘राधिका सांत्वनमु’ हे तेलुगू काव्य रचले, हे मात्र त्याला सहसा कोणी सांगत नाही. राधेची कामना राधेच्याच बाजूने सांगणारे हे काव्य बेंगळुरू नागरत्नम्मा या गायिकेने १९१० मध्ये संपूर्ण स्वरूपात छापले. इंग्रज सरकारने ते अश्लील ठरवून त्यावर बंदी घातली. वीरेशलिंगम यांच्यासारख्या थोर समाजसुधारकानेही त्यावर आधीच नाक मुरडले होते. बंदी उठायला स्वातंत्र्याचा उंबरठा गाठावा लागला. ज्या नागरत्नम्मांनी तंजावूरजवळच्या तिरुवैयारूला त्यागराजांची समाधी पदरमोड करून उभी केली, त्यांनाच हे काव्य अश्लील वाटले नव्हते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

हे काव्य समलिंगी प्रेमाचे नव्हे. आपला भूतकाळ किती उदार होता, असे सांगण्यासाठी त्याला ओढूनताणून साक्षीला आणण्यात अर्थ नाही. गणिकेचे जिणे काही मुक्तीचे नव्हते. पण कोणाची इच्छा कोणी सांगायची आणि ती ‘आपल्या संस्कृतीत बसते’ की नाही हे कोणी ठरवायचे, हा वाद नवा नाही, एवढे त्यावरून कळते. १९९८ च्या डिसेंबरात मुंबईतील चित्रपटगृहांत ‘फायर’विरुद्ध मोडतोड झाली, तेव्हा संस्कृतीचाच हवाला दिला गेला. परिनिरीक्षण मंडळाने आधी विनाकाटछाट संमत केलेला तो चित्रपट पुन्हा मंडळाकडे धाडला गेला आणि मंडळाने तो पुन्हा तसाच संमत केला. संस्कृतीवर त्यामुळे कोणतेही संकट कोसळल्याचे ऐकिवात नाही.

मी चित्रपटांचा समीक्षक नव्हे, तिकीट काढून पाहणारा प्रेक्षक आहे. त्या नात्याने माझी तक्रार बंदीपेक्षा पटकथेबद्दल अधिक आहे. तमिळ पडद्याने समलिंगी माणसाला दीर्घकाळ एक तर विनोदापुरते ठेवले किंवा विकृतीपुरते. २००६ च्या ‘वेट्टैयाडु विळैयाडु’मध्ये नायक असलेला पोलीस अधिकारी दोन खुन्यांना त्यांच्या आपसांतील जवळिकीवरून हिणवतो, जणू खून हा त्यांचा दुय्यम अपराध असावा! त्याच तमिळनाडूत २००८ मध्ये रोज वेंकटेशन ही तृतीयपंथी सूत्रधार दूरचित्रवाणीवर स्वतःचा संवाद-कार्यक्रम चालवू लागली होती, आणि त्याच वर्षी सरकारने तृतीयपंथीयांसाठी कल्याण मंडळ स्थापले होते. लिंगओळखीला मिळालेला हा मान लैंगिक कलाला मिळायला फार वेळ लागला. पा. रंजित यांच्या २०२२ मधील ‘नच्चत्तिरम नगर्गिरदु’मध्ये नाटकमंडळीतील समलिंगी जोडपी इतरांसारखीच भांडताना, हसताना दिसतात, तेव्हा कुठे काही सैल झाल्यासारखे वाटते.

मराठीत चेष्टेच्या जोडीला शोकांतिकाही आली. तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगमंचावर आले. ते धाडसी होते, प्रामाणिकही होते; पण त्यातील मित्राला शेवटी मरणाखेरीज वाट उरत नाही. पुढे कित्येक वर्षे सहानुभूती बाळगणाऱ्या लेखकांनीही हीच वाट धरली. समलिंगी पात्राबद्दल आपल्याला कणव वाटावी म्हणून त्याने आधी मरायचे, असा जणू अलिखित करारच होता.

रोहन कानवडे यांच्या ‘सबर बोंडं’ने हा करार मोडला, हे त्याचे मोठेपण मला सनडान्स महोत्सवात जानेवारी २०२५ मध्ये मिळालेल्या पारितोषिकापेक्षाही अधिक वाटते. या चित्रपटातही मृत्यू आहे, परंतु तो वडिलांचा. मुंबईहून आनंद गावी येतो, दहा दिवसांचे सुतक पाळतो. नातेवाईक लग्नाचे टुमणे लावतात. आणि लहानपणीचा मित्र बाळ्या त्याच्यासाठी निवडुंगाची बोंडं घेऊन येतो. कोणी मोर्चा काढत नाही, कोणी भाषण देत नाही. आईला मुलाचे सारे ठाऊक आहे. मराठी घरातील सुतकात आपण सर्वांनी ऐकलेली कुजबूज, तोच चहा, तेच वडीलधारे. त्यांच्यात हे प्रेम मुकाट्याने आपली जागा करून घेते. दिग्दर्शकाने ते स्वतःच्या अनुभवातून घेतले आहे, आणि ते जाणवते.

कोणी म्हणेल, चित्रपटाने काय होते? कायदा बदलला की पुरे. कलम ३७७ चा जाच २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूर केला, हे खरे. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारून प्रश्न संसदेकडे आणि समितीकडे सोपवला. मधल्या काळात मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद वेंकटेश यांनी एक असाधारण गोष्ट केली. पालकांच्या भीतीने मदुराईहून निघून आलेल्या दोन तरुणींचे प्रकरण समोर आले, तेव्हा आपलेही या विषयीचे समज अपुरे आहेत हे मान्य करून ते मानसतज्ज्ञांकडे शिकायला बसले आणि मगच, जून २०२१ मध्ये, आदेश दिला. त्याच प्रकरणातून पुढे २०२२ मध्ये तमिळनाडू सरकारच्या राजपत्रात या समूहांसाठी सन्मानाने वापरायच्या शब्दांची यादी प्रसिद्ध झाली. वर्षानुवर्षे विनोदी प्रवेशांनी घरोघरी पोचवलेले शब्द पुसायला राजपत्र छापावे लागले, तर पडद्याने काय होते याचे उत्तर त्यातच आहे.

मे २०२५ मध्ये याच उच्च न्यायालयापुढे वेल्लोरकडील एका पंचवीस वर्षांच्या तरुणीचे प्रकरण आले. तिला घरच्यांनी डांबून ठेवले होते आणि तिच्या मैत्रिणीला बंदिप्रत्यक्षीकरणाची याचिका करावी लागली. न्यायालयाने तिला मोकळे केले, पोलिसांच्या असंवेदनशीलतेवर बोट ठेवले आणि विवाह हाच कुटुंब उभारण्याचा एकमेव मार्ग नव्हे, असेही म्हटले. मुलीच्या आईला न्यायमूर्तींनी समजावून पाहिले, ते व्यर्थ गेले. तेव्हा त्यांना आठवल्या त्या लेखक विक्रम सेठ यांच्या आई, न्या. लीला सेठ, ही आई लीला सेठ नव्हे, असे त्यांनी खेदाने नोंदवले. ‘सबर बोंडं’मधील आनंदची आईही काही उच्च न्यायालयाची न्यायाधीश नाही. सुतकातल्या घरात, भावकीच्या नजरा चुकवीत, ती आपल्या मुलाची बाजू सांभाळते.