पादचारी आणि वाक्यातील कर्ता

भारतीय भाषांतील कोणतेही दैनिक उघडावे, ‘रस्ता ओलांडताना मोटारीखाली सापडून पादचारी ठार’ अशा घडणीचे एखादे वाक्य आतल्या पानावर बहुधा आढळतेच. हे वाक्य आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्याच्या रचनेकडे आपले लक्ष जात नाही. भाषेच्या अभ्यासकाने मात्र तिकडे लक्ष दिले पाहिजे. या वाक्यात कर्ता आहे तो मृत माणूस. क्रिया दोन आहेत, ओलांडणे आणि सापडणे, आणि त्या दोन्ही त्याच्याच नावावर आहेत. मोटार ही स्थळवाचक झाली आहे. माणूस जसा झाडाखाली थांबतो तसा तो मोटारीखाली सापडतो. मोटार चालविणारा मनुष्य वाक्यात नाहीच. तो कधी आलाच तर ‘नियंत्रण सुटल्याने’ या शब्दांच्या आडून येतो. ‘सोडणे’ हे सकर्मक क्रियापद टाकून ‘सुटणे’ हे अकर्मक क्रियापद घेतले की नियंत्रण आपोआप सुटते, ते कोणी सोडलेले नसते.

ही केवळ वृत्तलेखनाची ढिलाई आहे असे मला वाटत नाही. रस्त्यावर पायी चालणाऱ्या माणसाच्या मृत्यूकडे आपला समाज ज्या दृष्टीने पाहतो ती दृष्टी या वाक्यरचनेत उतरली आहे. आणि तीच वाक्यरचना रोज वाचून ती दृष्टी अधिक घट्ट होत आहे. म्हणून पादचाऱ्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न अभियंते व पोलीस यांच्याइतकाच भारतीय भाषांच्या अभ्यासकांचाही आहे, असे या लेखात सुचवावयाचे आहे.

प्रथम शब्दच घेऊ. मराठी व कन्नड या भाषांत ‘अपघात’ हा शब्द रूढ आहे. हिंदी, बंगाली, ओडिया व असमिया यांत ‘दुर्घटना’ आहे. हिंदी-उर्दूत ‘हादसा’ही आहे. गुजराती ‘अकस्मात’ म्हणते, तमिळ ‘विपत्तु’ आणि तेलुगू ‘प्रमादम्’. हे सारे शब्द आज एकाच अर्थाने वापरले जातात. परंतु त्यांच्या पोटात दडलेले अर्थ एक नाहीत. ‘अकस्मात’ म्हणजे ज्याला ‘कशामुळे’ हा प्रश्न लागू नाही असे काही. ‘दुर्घटना’ ही वाईट गोष्ट, पण घडलेली. कोणी घडविलेली नव्हे. ‘विपत्तु’ या शब्दाचे नाते संस्कृतातील विपत्तीशी, म्हणजे माणसावर कोसळणाऱ्या संकटाशी आहे. ‘अपघात’ या शब्दात निदान ‘घात’ शिल्लक आहे, आणि घात म्हटला की घात करणारा आलाच. मात्र मराठी कानाला आता तो ऐकू येत नाही. सर्वांत लक्षणीय आहे तो तेलुगू शब्द. संस्कृतात ‘प्रमाद’ म्हणजे बेसावधपणा, कर्तव्यात झालेली हयगय. मराठीतही प्रमाद म्हणजे चूक. आजच्या तेलुगू वाचकाला त्यातून धोका व अपघात एवढाच बोध होत असेल. तरी त्या भाषेच्या कोशात ‘कोणाची तरी हयगय झाली’ हा विचार सुरक्षित आहे. एकाच घटनेला एक भाषा अकारण म्हणते आणि दुसरी हयगय म्हणते, हा भेद तुलनात्मक अभ्यासकाला बरेच काही सांगणारा आहे.

आता ज्या घटनांना आपण ही नावे देतो त्यांचे स्वरूप पाहू. केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी सुमारे ३३ हजार, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा, पायी चालणारी होती. दिवसाला सरासरी नव्वद. जी गोष्ट रोज नव्वद वेळा घडते, जिचे पुढील वर्षीचे प्रमाणही साधारणपणे सांगता येते, तिला अकस्मात म्हणता येणार नाही. तिची कारणे असलीच पाहिजेत, आणि ती आहेतही.

पहिले कारण वेग. वाहनाच्या आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ५० किलोमीटर वेगाने येणाऱ्या मोटारीची गतिज ऊर्जा ३० किलोमीटरने येणाऱ्या त्याच मोटारीच्या पावणेतीनपटींहून अधिक असते. समोर माणूस दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद गेला असे धरले तर पहिली मोटार त्या अवधीत सुमारे चौदा मीटर पुढे येते, दुसरी आठ मीटर. उरलेल्या सहा मीटरांत पुष्कळदा जीवन-मरणाचा निर्णय होतो. म्हणूनच २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात जेथे माणसे व वाहने एकमेकांत मिसळतात तेथे ताशी ३० किलोमीटर ही मर्यादा सुचविली आहे. आपल्याकडे केंद्र शासनाच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेने नगरपालिकांच्या हद्दीतील रस्त्यांवर मोटारींसाठी ठरविलेली कमाल मर्यादा ७० किलोमीटरची होती. ती खाली आणण्याची मुभा स्थानिक अधिकाऱ्यांना आहे. पण मुभा आणि बंधन यांतील अंतर सर्वांना ठाऊक आहे.

दुसरे कारण रस्त्याची घडण. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पदपथावर चालण्यास किमान १.८ मीटर रुंदीची मोकळी जागा हवी व त्याची उंची रस्त्यापासून १५० मिलिमीटरहून अधिक नसावी. आपल्या शहरांतील पदपथ पायरीसारखे उंच, मध्येच विजेच्या पेटीपाशी संपणारे, उभ्या केलेल्या दुचाकींनी भरलेले असतात, आणि पुष्कळ रस्त्यांना ते मुळी नसतातच. गावाच्या मधून राष्ट्रीय महामार्ग जातो तेव्हा शाळा एका बाजूस व वस्ती दुसऱ्या बाजूस राहते, आणि दुभाजकातील वाट लांबवर ठेवलेली असते. पादचाऱ्यांसाठी पूल बांधला तर वृद्धाने, गरोदर स्त्रीने, डोक्यावर ओझे घेतलेल्या मजुराने दोन मजल्यांएवढ्या पायऱ्या चढून उतराव्यात अशी अपेक्षा असते. त्यांनी त्या चढल्या नाहीत की वृत्तात ‘रस्ता ओलांडताना’ हे शब्द येतात. ज्याने रस्ता आखला तो त्या वाक्यात कोठेही नसतो.

दोष चालणाऱ्याकडे वळविण्याची ही रीत आपलीच आहे असे नव्हे. अमेरिकेत मोटारी वाढू लागल्या तेव्हा रस्ता हा सर्वांचा, ही लोकांची जुनी समजूत होती. पायी चालणारांना दटावण्यासाठी तेथे ‘जेवॉकर’ हा शब्द प्रचारात आणला गेला. ‘जे’ म्हणजे त्या काळच्या बोलीत खेडवळ, बावळट मनुष्य. मोटारींशी ज्यांचे हितसंबंध निगडित होते त्यांनी १९२० नंतरच्या दशकात हा शब्द कसा रुजविला, याची हकीकत पीटर नॉर्टन या इतिहासकाराने ‘फायटिंग ट्रॅफिक’ (२००८) या ग्रंथात सविस्तर दिली आहे. एका हिणवणाऱ्या शब्दाने रस्त्यावरील हक्काची वाटणी बदलली. याच्या उलट दिशेचे उदाहरणही आहे. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २००१ साली आपल्या पानांवर ‘ॲक्सिडेंट’ हा शब्द वापरावयाचा नाही असे ठरविले. कारण बहुतेक इजा व त्यांना कारण होणारे प्रसंग टाळता येण्याजोगे असतात, आणि तो शब्द ते टाळता येत नाहीत असे सुचवितो. वैद्यकाच्या नियतकालिकास जे जाणवले ते भाषांच्या नियतकालिकांना जाणवू नये, हे बरे नव्हे.

आपल्या परंपरेत पायी चालणाऱ्याला मोठा मान आहे, असे येथे कोणी म्हणेल. ते खरे आहे. मराठीचा आद्य गद्यग्रंथ ‘लीळाचरित्र’ हा सतत फिरत्या राहिलेल्या श्रीचक्रधरांच्या आठवणींचा आहे. गुरू नानकांच्या उदासी, पंढरीची वारी, १९३० ची दांडीयात्रा, १९५१ साली सुरू झालेली विनोबांची भूदान पदयात्रा, या सर्वांतून चालणे हे आपल्याकडे साधनेचे व लोकसंग्रहाचे रूप ठरले. पण हा मान यात्रेकरूचा आहे. कामावर जाणाऱ्या माणसाचा नव्हे. वारकऱ्यांच्या बाबतीत हे स्पष्ट दिसते. नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवे घाटात पंढरपूरहून आळंदीकडे निघालेल्या दिंडीत अवजड यंत्रवाहन घुसून वारकरी मृत्युमुखी पडले. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये ज्या पालखी मार्गांच्या रुंदीकरणाची पायाभरणी झाली त्यांच्या कडेने चालणारांसाठी स्वतंत्र वाट योजण्यात आली. ही योजना स्वागतार्हच आहे. परंतु तिच्यावरून हेही सिद्ध होते की पादचाऱ्यास जागा देणे अशक्य नसते. तो आपल्याला दिसावा लागतो. डबा घेऊन रोज कारखान्याकडे चालणारा मनुष्य आपल्याला दिसत नाही.

शिवाय आपल्या इतिहासात रस्त्यावर चालणे सर्वांना मुक्त होते असेही नाही. १९२४-२५ चा वैक्कम सत्याग्रह मंदिरप्रवेशासाठी नव्हता. मंदिराभोवतीच्या सार्वजनिक रस्त्यांवरून अवर्ण मानलेल्या लोकांना चालू द्यावे एवढीच त्याची मागणी होती. त्यासाठी माणसांना महिनोन्महिने सत्याग्रह करावा लागला, आणि तरीही त्या वेळी तीनच बाजूंचे रस्ते खुले झाले. वाटेवरचा अधिकार हा प्रतिष्ठेचा व सत्तेचा प्रश्न आहे, हे वैक्कमने शिकविले. आज निषेधाची पाटी नाही. तिच्या जागी वेग आहे, आणि तो कोणाला हटवितो हे बाजूला उभे राहिले की दिसते.

कायदा या बाबतीत भाषेच्या पुढे गेला आहे. मोटार वाहन अधिनियमात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने कलम १९८-अ आले. त्यान्वये रस्त्याचा आराखडा, बांधणी किंवा देखभाल विहित मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आले तर संबंधित अधिकारी, ठेकेदार, सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंड किरकोळ आहे. पण जो कर्ता वाक्यातून गळाला होता त्याला कायद्याने नाव दिले, हे महत्त्वाचे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वेध पदपथाचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग आहे असे म्हटले. याच अनुच्छेदाच्या आधारे १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात पदपथावर राहणाऱ्यांच्या उपजीविकेचा विचार झाला होता, हे विसरून चालणार नाही. पदपथ मोकळा करणे याचा अर्थ फेरीवाल्याला हुसकावणे एवढाच होऊ लागला तर एका दुर्बळाच्या नावाने दुसऱ्या दुर्बळाचा बळी दिल्यासारखे होईल. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा स्वतंत्र कायदा आहे. पदपथ अडविणाऱ्या उभ्या मोटारीकडे आपण त्याच कठोरपणे पाहतो का, हा प्रश्न आधी विचारावा.

येथे एक आक्षेप संभवतो. शब्द बदलल्याने कोणाचे प्राण वाचणार? प्राण वाचतील ते कमी वेगाने, सलग पदपथाने, उंचावलेल्या ओलांडणीने. हे मान्यच आहे. परंतु मृत्यूनंतर कोणता प्रश्न विचारला जाईल हे शब्दावर अवलंबून असते. ‘सापडला’ म्हटले की प्रश्न येतो, तो तेथे का गेला? ‘धडक दिली’ म्हटले की प्रश्न येतो, कोणी, किती वेगाने, आणि तेथे ओलांडण्याची सोय होती का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मृताला देता येत नाही. दुसऱ्याचे जिवंत माणसांना द्यावे लागते.

दुसरा आक्षेप न्यायाचा. निकालापूर्वी चालकाला दोषी ठरवू नये, हे रास्त आहे. पण ‘चालकाने धडक दिली’ हे घटनेचे वर्णन आहे आणि ‘बेदरकारपणे धडक दिली’ हा आरोप आहे. कर्तृत्व आणि अपराध यांतील हा भेद व्याकरण शिकविणाऱ्यांनी पत्रकारांना समजावून द्यावा. चालकाला वाक्यात आणणे म्हणजे सारा भार त्याच्यावर टाकणेही नव्हे. रस्ता कसा होता, वेगाची मर्यादा काय होती, दिवे होते की नव्हते, यांनाही त्याच वृत्तात जागा हवी.

आपल्या विद्यापीठांत वृत्तविद्येचे वर्ग आहेत, परिभाषा व कोश यांची कामे चालतात, पाठ्यपुस्तकांच्या समित्यांवर आपली माणसे असतात. त्या पुस्तकांतील रस्ता-सुरक्षेचा पाठ सहसा चालणाऱ्या मुलाला उद्देशून असतो: डावीकडे पाहा, उजवीकडे पाहा. तेच मूल पुढे मोटार चालविणार आहे, रस्ते आखणार आहे, वृत्तेही लिहिणार आहे. त्याला उद्देशून दुसरा पाठ कोणी लिहावयाचा? प्रत्येक भारतीय भाषेत या विषयाची वाक्ये गोळा करून, त्यांतील कर्ता कोठे हरवतो हे तपासण्याचे काम आपल्या विद्यार्थ्यांना आजही देता येईल. त्यासाठी निराळा निधी नको आणि प्रयोगशाळाही नको. रोजचे वृत्तपत्र पुरे.